खिळ्यावरची चुंबळ

मी, ग्रेगोरिया दे आरेचागा, कॅप्टन लोपे दे सुबिआउर यांची विधवा, राहणार मनिला, तटाच्या आत, शिंपल्यांच्या तावदानांचे घर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परमेश्वराला साक्षी ठेवते, कारण त्याच्यापासून काही लपत नाही. आणि नोटरी बार्तोलोमे सोतो यांना साक्षी ठेवते, कारण कायदा तसे म्हणतो. माझे पाय सुजले आहेत, जिना चढताना दम लागतो आणि वैद्याने काल नाडी पाहून फी घेतली नाही, यावरून जे समजायचे ते मी समजले आहे. डोके मात्र शाबूत आहे. लहानपणी मुलींच्या विद्यालयात हिशेब आणि व्याकरण शिकले, ते आजही चुकत नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. असता, तर तो मनुष्य आजवर पुढे आला असता.

पहिले, माझ्या देहाविषयी. मला साध्या वस्त्रात पुरावे. पैसे घेऊन रडणाऱ्या बायका बोलावू नयेत. मेक्सिकोला जाणाऱ्या वार्षिक जहाजाची भरणी चालू असताना मी गेले, तर वखार बंद ठेवू नये; मी थांबू शकते, वारा थांबत नाही. शवपेटीचे झाकण लावताना चिनी पेठेतल्या तिओकोला पायरीवर बसवावे. तो हसला, तर झाकण काढून पुन्हा लावावे. याचे कारण पुढे येईल.

दुसरे, घर. ते मारिया दालिसाय हिला द्यावे. दालिसाय ही तटाबाहेरच्या तोंदो वस्तीतली, खलाशाची विधवा आणि कशिद्यात या शहरात तिचा हात धरणारी कोणी नाही. ती माझी मोलकरीण नाही, कधी नव्हती. काही लोक अजून तसे समजतात, म्हणून लिहून ठेवते. ती माझी भागीदार आहे. घराबरोबर पलंग, चॉकलेटची भांडी आणि अंगणातले फणसाचे झाड तिचे. फणसावर शेजारच्या कुटुंबाचा हक्क नाही. फांदी त्यांच्या बाजूला झुकते, ती वाऱ्यामुळे.

तिसरे, किरकोळ वस्तू. माझ्या पतीचे तैलचित्र ज्याला हवे त्याने न्यावे. चित्रकाराने त्यांना फार विचारी दाखवले आहे. ते देखणे होते, प्रेमळ होते, गाणे सुंदर म्हणत, पण विचारी नव्हते. मोठी तांब्याची परात शेजारच्या इनेसबाईंना द्यावी. त्या ती दर नाताळाला मागून नेतात आणि ईस्टरला निरोप पाठवल्यावर परत करतात. आता निरोप पाठवणारी राहणार नाही, तेव्हा परात तिकडेच बरी. पुस्तके विद्यालयाला.

चौथे, वखार. खरे म्हणजे हे मृत्युपत्र मी याच कलमासाठी लिहीत आहे.

नदीकाठची माझी वखार, तिच्यातला मळसूत्री दाब, वेताच्या मोळ्या, मेणकापड आणि चटया हे सगळे या शहरातल्या विधवांना मिळावे, अशी माझी इच्छा आहे. विधवा कॅप्टनची असो की खलाशाची. अट एकच. जहाजाच्या पोटातल्या जागेची जी चिठ्ठी नगरसभा दर वर्षी विधवांना देते, ती कोणीही व्यापाऱ्याला विकायची नाही. स्वतःची गासडी स्वतः बांधायची आणि पाठवायची. ज्या खलाशांच्या विधवांना चिठ्ठी मिळत नाही, त्यांना चिठ्ठीवाल्यांनी जागेत भागीदार करून घ्यायचे.

अडचण अशी की वखार मी बांधली, पण खालची जमीन दोघा भावांच्या नावावर आहे: माझे पती आणि माझे दीर, इग्नासियो दे सुबिआउर. भावजींची लेखी संमती नसेल, तर मी डोळे मिटताच जमीन घराण्याकडे जाते आणि वखारही तिच्याबरोबर जाते. मग दाब मोडून विकला जाईल, विधवा पुन्हा चिठ्ठ्या हातात घेऊन व्यापाऱ्यांच्या दारात उभ्या राहतील आणि मी तीस वर्षे जे केले, ते नदीत गेल्यासारखे होईल.

मागच्या आठवड्यात मी भावजींना बोलावून घेतले. ते आले, खुर्चीत बसले, हॅट मांडीवर ठेवली.

"वहिनी, भावाची जमीन बायकांच्या हाती देऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक तीस वर्षं म्हणताहेत, भावजी. तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच."

"दुसरं काहीही मागा. घराण्याची जागा घराण्यात राहील."

"मग मी तुम्हाला मृत्युपत्रात काय ठेवू? खिळ्यावरची चुंबळ?"

ते उठले. पेल्यातले चॉकलेट अर्धे तसेच टाकून गेले. म्हणून या कलमाखाली आज सहीची जागा मोकळी आहे.

पाचवे. सोतो म्हणतात, "बाई, मृत्युपत्रात गोष्ट सांगायची नसते, मालमत्ता सांगायची असते." मी त्यांना म्हटले, "ही गोष्ट हीच मालमत्ता आहे. लिहू द्या." त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. तेव्हा पुढे लिहिते.

माझे पती मेक्सिकोहून परत येताना समुद्रातच ज्वराने वारले. जहाज आले, ते आले नाहीत. त्याच जहाजावर दालिसायचा नवराही होता. त्यालाही समुद्रातच सोडला. मला नगरसभेने विधवेची चिठ्ठी दिली. दालिसायला काही नाही, कारण खलाशाची बायको विधवा झाली तरी या शहराच्या हिशेबात ती फक्त एकटी होते.

चिठ्ठीची शाई वाळायच्या आत भावजी दारात. "वहिनी, चिठ्ठी माझ्याकडे द्या. विधवेनं वखारीत बसायचं, हमालांशी बोलायचं, हे शोभतं का? सगळ्या जणी मलाच देतात." खरेच सगळ्या त्यांनाच देत. मिळेल त्या भावात. भावजी त्या जागेत मखमल भरत आणि पुढच्या वर्षी चांदी मोजत.

मी म्हटले, "मी स्वतः पाठवते."

"काय पाठवणार?"

"पायमोजे आणि रेशमी लड्या. मेक्सिकोतल्या बायकांना मखमल वर्षातून एकदा लागते, भावजी. शिवायला दोरा रोज लागतो."

ते हसले. पण घरी जाऊन स्वस्थ बसले नाहीत. जहाजात माल वजनावर जात नाही, आकारावर जातो, हे धक्क्यावरच्या लहान मुलालाही माहीत आहे. प्रत्येक चिठ्ठीला एक गासडी. आणि ती गासडी धक्क्यावर उंचावर आडव्या बसवलेल्या लाकडी चौकटीतून, कोणी हात न लावता, आपल्या वजनाने आरपार गेली पाहिजे. अडकली तर बाद, आणि तिची जागा रांगेतल्या पुढच्या व्यापाऱ्याला. त्या वर्षी पुढचे भावजीच होते. म्हणून सगळे चिनी पेठेतल्या बांधणाऱ्यांवर अवलंबून असते. ते हाताने आणि गुडघ्याने रेशीम असे दाबतात, की दुसऱ्याच्या दोन गासड्यांचे त्यांच्या एका गासडीत बसते. भावजींनी त्यांना सांगितले, की जो विधवेची गासडी बांधेल, त्याला आपले काम पुन्हा मिळणार नाही. पेठेतल्या सगळ्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे कोंबडा कापून शपथ घेतली: रेशमाला हात लावायचा नाही, वेताला हात लावायचा नाही, तोंडाने एक शब्द शिकवायचा नाही.

तिओको त्यांच्यातला सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत घमेंडखोर. तो माझ्या वखारीच्या पायरीवर येऊन बसला.

"तू तर शपथ घेतलीस," मी म्हटले. "मग आलास कशाला?"

"बसायला, बाई. न बसायची शपथ नाही घेतली."

माझी कानातली, चांदीची ताटे, पतीचे पट्ट्या दाबून वाजवायचे ते मोठे तारवाद्य, जे ते गाताना वाजवत, सगळे मी विकले होते. माल वखारीत पडला होता. वखारीत पतीने खोबऱ्याचे तेल काढायला आणलेला मळसूत्री दाब होता. त्यातून तेलाचा थेंब कधी निघाला नव्हता. दालिसाय अर्ध्या वाट्यावर माझ्याबरोबर आली होती; आम्ही दोघींनी त्यात पायमोजे रचायला सुरुवात केली.

तिओको हसला.

आम्ही थांबलो. दालिसाय म्हणाली, "काय हसतोस रे?" त्याने तोंडावर बोट ठेवले. आम्ही मोजे उलटे-सुलटे, टाचेला पंजा लावून रचले. तो गप्प. दाबाचा दांडा फिरवला. तो हसला. दांडा परत सैल केला, मधे चटईचा थर घातला, फिरवला. तो गप्प. तेव्हा मला उमगले, की या माणसाने न बोलायची शपथ घेतली आहे, न हसायची नाही. आम्ही काम पायरीकडे तोंड करून करू लागलो. आमची शाळा ती अशी भरली.

पण वेताने आम्हाला रडवले. गासडी दाबात चौकटीएवढी होई, वेताने घट्ट बांधून बाहेर काढली की ओली हवा तिच्यात शिरे आणि ती पावासारखी फुगे. तिओको तर आता हसून हसून खोकायला लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, चौकटीची वेळ संध्याकाळची होती, दालिसायचा संयम सुटला. तिने पाण्याचा माठ उचलला आणि त्याच्यावर फेकला. "हस आता! हस मेल्या!" माठ त्याला लागला नाही. तो वेताच्या मोळीवर फुटला आणि सगळा वेत भिजला.

तिओकोचे हसणे एकदम बंद झाले.

दालिसायने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. मग आम्ही तो ओला वेत घेऊन गासडी बांधली. ओला वेत वाळत गेला तसा आवळत गेला, आणि गासडी फुगायच्या ऐवजी आत आत बसली. तिओको पायरीवरच झोपी गेला. तेवढी शाबासकी आम्हाला पुरली.

संध्याकाळी धक्क्यावर अर्धे शहर जमले होते. भावजी सगळ्यांच्या पुढे, चांदीची मूठ असलेली काठी घेऊन. आमची गासडी पाहून मोठ्याने म्हणाले, "ही चौकटीतून गेली, तर मी स्वतः डोक्यावर घेऊन जहाजावर नेईन!"

गासडी चौकटीत ठेवली. ती गेली. नुसती गेली नाही, जाताना बाजूला हाताचा पंजा जाईल एवढी जागा राहिली आणि ती खाली धपकन पडली. धक्क्यावर सगळे एकदम बोलू लागले. दालिसायने स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढली आणि अदबीने भावजींपुढे धरली.

"घ्या, साहेब. नाहीतर टाळूला टोचेल."

इतके लोक हसले, की जहाजावरचे खलाशी कठड्याशी येऊन पाहू लागले. भावजी म्हणाले, "मी गमतीनं बोललो," आणि निघून गेले.

ती चुंबळ मी वखारीच्या दारावर खिळ्याला अडकवली. पुढच्या वर्षी मेक्सिकोहून जे आले, त्यातून मी कानातली परत घेतली नाही. वखारीचे छप्पर केले आणि दालिसायचा अर्धा वाटा तिच्या हातावर ठेवला. त्या वर्षी आणखी विधवा आपल्या चिठ्ठ्या घेऊन आल्या. मग आणखी. तिओको दर वर्षी पायरीवर येऊन बसे. कोंबड्याची शपथ त्याने आजवर मोडलेली नाही.

सहावे. म्हणून ती पायरी तिओकोला. उन्हात, सावलीत, त्याला वाटेल तेव्हा बसावे, वाटेल तेव्हा हसावे. त्याला कोणी उठवू नये.

सातवे. ज्या व्यापाऱ्यांनी माझ्या गासडीबद्दल धक्क्यावर वाईट बोलून मग रात्री घरी येऊन भागीदारी मागितली, त्यांना माझी क्षमा. दुसरे काही नाही.

येथवर लिहून मी सही करणार होते. पण कालचा दिवस पाहिल्यावर थांबले. येथून पुढचे आज लिहीत आहे. सोतो यांची हरकत आहे, आणि ती त्यांनी मनात ठेवली आहे.

आठवे. भावजींची मुलगी क्लारा हिचा नवरा गेल्या हिवाळ्यात वारला. नगरसभेने तिला चिठ्ठी दिली. सासरच्यांनी ती मेक्सिकोहून नव्याने आलेल्या एका तरुण व्यापाऱ्याला विकायचे ठरवले होते. क्लारा ती चोळीत लपवून वखारीत आली. "काकू, मला बांधायला शिकवा." मी शिकवायच्या स्थितीत नव्हते. दालिसायने शिकवले, आणि पायरीने.

भावजींना कळले, तेव्हा ते वखारीच्या दारापर्यंत येऊन ओरडले, "माझी मुलगी हमाली करणार?"

आतून क्लारा म्हणाली, "बाबा, दारात उभे राहू नका. उजेड अडतो."

काल चौकटीचा दिवस. मला खुर्चीसकट उचलून धक्क्यावर नेले. वैद्याने मना केले होते. त्यानेच फी घेतली नव्हती, तेव्हा त्याचे ऐकायचे बंधन मला नव्हते. भावजी लांब, खांबाला टेकून उभे होते. क्लाराची गासडी आणली. तो तरुण व्यापारी पुढे आला, छाती काढून म्हणाला, "ही जर गेली, तर मी माझ्या मिशा इथंच उतरवीन!"

लोक हसायला लागले. क्लाराचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्याकडे पाहत नव्हते, खांबाकडे पाहत होते. भावजी काठी टेकत टेकत आले आणि त्या मुलासमोर उभे राहिले.

"तरुण माणसा, जपून बोल. या धक्क्यावर बोललेलं तीस वर्षं टिकतं."

"तुम्ही कोण?"

"मी? मी तो, ज्याची मिशी अजून शाबूत आहे, पण शब्द नाही."

गासडी चौकटीत ठेवली. ती गेली. बाजूला पंजा जाईल एवढी जागा. तिओको गप्प होता.

भावजी वळले. वखारीकडे चालत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात खिळ्यावरची चुंबळ होती, तीस वर्षांत भुरकट झालेली. त्यांनी ती डोक्यावर ठेवली.

तिओको इतक्या मोठ्याने हसला, की मलाही आवरेना. भावजींनी ती हॅटवर ठेवली होती.

दालिसायने पुढे होऊन त्यांची हॅट काढली, चुंबळ नीट बसवली. "आता, साहेब."

क्लारा धावली. "बाबा, नको. मान मोडेल. दोन हमाल लागतात."

"मग एक लहान गठ्ठा द्या. बोललो होतो मी गासडीचं, पण तेव्हा हे वय धरलं नव्हतं."

लड्यांचा एक लहान गठ्ठा त्यांच्या डोक्यावर ठेवला. या शहराच्या नगरसभेत बसणारे, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे माझे दीर तो गठ्ठा डोक्यावर घेऊन फळीवरून जहाजावर गेले. खलाशांनी टोप्या काढल्या. काही हसले, पण फार नाही. भावजी परत उतरले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर रेशमाचा एक तंतू चिकटला होता. माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, कागद कुठं आहे?"

"घरी."

"मग चला घरी. चॉकलेट अर्धं राहिलं होतं."

त्यांनी वखारीच्या कलमाखाली आपल्या हाताने लिहिले ते असे: 'वरील जमिनीवर व वखारीवर माझा आणि माझ्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क नाही. बोललो होतो, वाहिले. इग्नासियो दे सुबिआउर.' सोतो म्हणाले, शेवटचे तीन शब्द कायद्याला लागत नाहीत. मी म्हटले, राहू द्या. मला ते लागतात.

नववे आणि शेवटचे. चुंबळ पुन्हा खिळ्याला अडकवली आहे. मी ती भावजींना देणार होते, पण त्यांचा हिशेब फिटला. ती क्लाराला. पुढे कधी धक्क्यावर कोणी फार मोठ्याने बोलला, तर ती त्याच्या हातात द्यावी आणि वाट पाहावी. घाई करू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मारिया दालिसाय हिने करावी. आधीची मी लिहिलेली सगळी मृत्युपत्रे रद्द. आधीचे एकच होते, आणि त्यात सगळे पतीला ठेवले होते. त्यांनी ते कधी वाचले नाही.

वाचून पाहिले. समजून उमजून, हसत्या तोंडाने सही केली.

ग्रेगोरिया दे आरेचागा

साक्षीदार:
इग्नासियो दे सुबिआउर, दीर.
तिओको, चिनी पेठ, याने आपल्या लिपीत नाव काढले. सही करताना तो हसला नाही, ही नोंद मृत्युपत्र करणारीच्या सांगण्यावरून.

माझ्यासमोर: बार्तोलोमे सोतो, नोटरी.

मुक्काम मनिला, नदीकाठची विधवांची वखार. संत योहानाच्या सणाचा आदला दिवस, सन १६८४. वारा नैर्ऋत्येचा, जहाज भरले आहे.